मलाय द्वीपकल्पाचा पूर्वकिनारा

आशिया खंडाचा नकाशा उघडून पाहिला तर त्याच्या आग्नेय टोंकास एक लांबट भूभाग दक्षिणेकडे उतरत गेलेला दिसतो. हाच मलाय द्वीपकल्प होय. त्याच्या पश्चिमेस मलाक्काची सामुद्रधुनी व पूर्वेस दक्षिण चिनी समुद्र असून मलेशिया देशाचा पश्चिम विभाग ह्या भूमीवर वसलेला आहे. आपल्याकडील जे लोक त्या देशास जातात ते बहुधा क्वालालंपूर येथील उंच उंच इमारती पाहून परत फिरतात. आम्ही मात्र वाचकांस द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगास, केलांतान, तेरेंगानू व पाहांग ह्या राज्यांच्या किनाऱ्यावर नेणार आहों.

एकाच भूमीचे हे दोन किनारे, परंतु त्यांत केवढें अंतर! पश्चिमेकडील सामुद्रधुनी अरुंद असून तिला सुमात्रा बेटाचा आडोसा आहे. त्यामुळें तेथें लाटांस जोर नसतो. नद्यांनीं आणलेला गाळ जागच्या जागीं सांचतो व त्यावर खारफुटीचीं वनें माजतात. पूर्वेकडे खुला समुद्र आहे. तेथें ईशान्येचे वारे वाहूं लागले म्हणजे मोठाल्या लाटा किनाऱ्यावर आपटतात, बारीक गाळ धुवून नेतात आणि स्वच्छ वाळू मागें ठेवितात. एकट्या तेरेंगानू राज्यास सुमारें अडीचशें किलोमीटर किनारा लाभला आहे. त्याचा बहुतेक भाग वालुकामय असून मधून मधून नद्यांच्या मुखांनीं तेवढा तुटलेला आहे. नदीच्या मुखास मलाय भाषेंत 'कुआला' म्हणतात. कुआला तेरेंगानू म्हणजे तेरेंगानू नदीचें मुख. नांवावरूनच गांव कोठें वसलें आहे हें कळावें, ही सोय मोठी चांगली.

कोंकणांतील वाचकांस येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी वाटेल. आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे कोळी आपल्या होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असतो. नेमक्या त्याच महिन्यांत मलायाचा पूर्वकिनारा शांत असतो. कारण नैर्ऋत्येच्या वाऱ्यास सुमात्राचे डोंगर व द्वीपकल्पाच्या मध्यावरील तितिवांग्सा पर्वताची रांग आड येते. उलट नोव्हेंबरापासून आपला समुद्र निवळलेला असतांना तेथें चिनी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला ईशान्येचा वारा धो धो पाऊस पाडतो, नद्यांस पूर येतात, आणि बेटांकडे जाणाऱ्या नौका बंद होतात. 'मोसमी वारे' हा भूगोलांतील धडा पाठ करून जे विद्यार्थी कंटाळले असतील, त्यांनीं हे दोन किनारे नकाशावर शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. पाठांतराची गरज उरणार नाहीं.

ह्या वाऱ्यांनीं पूर्वी गलबतें इकडून तिकडे नेलीं, तसे शब्दही नेले. अरबी भाषेंतील ज्या शब्दापासून आपला 'मोसम' झाला, त्यापासूनच मलाय लोकांचा 'मुसिम' झाला. फारशींतील 'बंदर' आपल्याकडे बंदरच राहिलें. मलाय भाषेंत तो शब्द नगरवाचक झाला आहे. तारवाच्या धन्यास फारशींत 'नाखुदा' म्हणत. कोंकणांतील कोळ्यांचा 'नाखवा' आणि मलायांचा 'नाखोदा' ही त्या एकाच शब्दाचीं दोन रूपें. दोन्ही किनाऱ्यांवरील नावाडी कधीं एकमेकांस भेटले असतील वा नसतील, परंतु त्यांच्या भाषांची भेट झालेली आहे एवढें खचित.

आतां किनाऱ्यावरील दिनक्रमाकडे वळूं. पहांटे मच्छीमारांच्या नौका परततात. जुन्या नौकांच्या नाळीवर रंगीबेरंगी वेलबुट्टी काढलेली असे व डोलकाठी आडवी ठेवण्याकरितां पक्ष्याच्या अगर नागाच्या आकाराचे कोरींव लांकडी आधार बसविलेले असत. कुआला तेरेंगानूजवळील दुयोंग बेटावरील सुतार तर नौका बांधण्याविषयीं फार प्रसिद्ध. ते कागदावर आराखडा काढीत नाहींत. चेंगाल नांवाच्या कठीण लांकडाच्या फळ्या खुंट्यांनीं एकमेकींस जोडून ते आधीं नौकेचें अंग उभें करितात आणि मग आंतून बरगड्या बसवितात. सारें माप डोळ्यांत व हातांत. अशा कारागिरांची संख्या आतां फार थोडी उरली आहे. बाजूस नारळीच्या बागांतून माकडें कामावर असतात, हें वाचून मुलांस हंसूं येईल. पण तें खरें आहे. आंखूड शेपटीच्या एका जातीच्या माकडास शिकवून तयार केलें म्हणजे तें झाडावर चढून पिकलेला नारळ नेमका ओळखतें व तो गरगर फिरवून खालीं पाडतें. खालीं मालक दोरी धरून उभा असतो. किनाऱ्यावरील खाद्यपदार्थांत 'केरोपोक लेकोर' हा मुख्य. मासळीचें वाटण सागो ताडाच्या पिठांत मळून त्याच्या लांब वळकट्या उकडतात व पुढें तळून खातात.

खेळांत पतंग व भोंवरा हे दोन. केलांतानचा 'वाउ बुलान', म्हणजे चंद्रपतंग, माणसाहून मोठा असतो. त्याचा खालचा भाग चंद्रकोरीसारखा असतो, अंगावर रंगीत कागदाची कोरींव नक्षी असते, आणि डोक्याशीं वेताचें वा बांबूचें एक धनुष्य बांधलेलें असतें. वारा त्याच्या ताणलेल्या पट्टींतून गेला म्हणजे आकाशांतून भुंग्यासारखा गुंजारव ऐकूं येतो. आपल्याकडील संक्रांतीच्या पतंगाप्रमाणें हा काटाकाटीसाठीं नसून उंची, तोल व नाद ह्यांसाठीं उडवितात. भोंवराही असाच दांडगा. ताटाएवढा रुंद, कडेस धातूची पट्टी, वजन चार-पांच किलोपर्यंत. बळकट गडी जाड दोरीनें तो फेंकतो. दुसरा तो चटकन लांकडी फळीवर उचलून एका लहानशा खुंटीवर ठेवितो, आणि तो तेथें तासाहून अधिक वेळ फिरत राहतो. हे दोन्ही खेळ पूर्वी भाताची कापणी झाल्यावर, हाताला काम नसे तेव्हां, खेळले जात.

समुद्राकडे पाहिलें तर बेटेंच बेटें. पेरहेंतियान ह्या नांवाचा अर्थ 'थांबा' असा आहे. जुने व्यापारी येथें मुक्काम करीत. रेदांग बेट त्याहून मोठें. एप्रिल ते सप्टेंबरपर्यंत येथील पाणी इतकें निवळ असतें कीं, तोंडाला नळी व डोळ्यांना कांच लावून पालथें तरंगलें असतां पोवळ्यांच्या बागा, रंगीत मासे व क्वचित् कासवही खालीं दिसतें. पोवळें हें दगड किंवा झाड नसून असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, आणि जें वाढण्यास कित्येक वर्षें लागलीं तें एका बेफिकीर पावलानें मोडतें. दक्षिणेस पाहांगमध्यें चेराटिंग येथें मात्र लोक मुद्दाम वादळी हंगामांत जातात. कारण त्या दिवसांत तेथें लाटेवर फळी टाकून तिजवर उभें राहण्याचा खेळ रंगतो. ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें ह्या भानगडींत पडूं नये. कुआला तेरेंगानूच्या समोर बिदोंग नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. १९७८ पासून १९९१ पर्यंत येथें व्हिएतनाममधून होडींत बसून पळून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. सुमारें अडीच लाख माणसें ह्या एवढ्याशा जागेंतून पुढें निरनिराळ्या देशांस गेलीं. आज तेथें पाण्यांत बुड्या मारणारे प्रवासी येतात.

परंतु ह्या किनाऱ्याची जी सर्वांत मोठी शोभा होती ती आज तेथें नाहीं, आणि आमच्या लेखाचें खरें कारण तेंच आहे.

कुआला तेरेंगानूच्या दक्षिणेस रांताउ आबांग म्हणून एक गांव आहे. तेथील वाळूंत चामडी पाठीचें समुद्रकासव अंडीं घालण्यास येत असे. कासवांच्या सर्व जातींत हें सर्वांत मोठें. पाठीवर टणक कवच नसून काळें, चिंवट चामडें असतें व त्यावर लांबीच्या दिशेनें सात कंगोरे असतात. कमरख फळ ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ह्या पाठीची कल्पना येईल; मलाय लोकांनीं ह्या कासवाचें नांवच त्या फळावरून ठेविलें आहे. लांबी दोन मीटरपर्यंत, वजन बहुधा तीनशें ते पांचशें किलो. एवढा प्रचंड प्राणी, पण त्याचें मुख्य अन्न म्हणजे पाण्यांतील मऊ जेलीमासे.

रात्रीं मादी पाण्यांतून बाहेर येते व भरतीच्या रेषेच्या वर जाऊन मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनीं हातभर खोल खळगा खणते. हे पाय तिच्या दृष्टीआड असतात, तरी खळगा अगदीं सुबक होतो. त्यांत ती ऐंशी-नव्वद अंडीं घालते, वाळू लोटते, आणि जागा ओळखूं येऊं नये म्हणून भोंवतालची वाळू उधळून समुद्रांत परत जाते. ह्या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतें. पाहणारे म्हणत, ती वेदनेनें रडते. वास्तविक समुद्राच्या पाण्याबरोबर पोटांत गेलेलें जास्त मीठ ती त्या वाटेनें बाहेर टाकीत असते. नऊ-दहा दिवसांनीं ती पुन्हा येते. एका हंगामांत अशा अनेक खेपा होतात. सुमारें दोन महिन्यांनीं पिल्लें वाळू उकरून वर येतात व जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धांवतात. निसर्गतः ती दिशा समुद्राची. किनाऱ्यावर दिवे असले म्हणजे ती दिशा दिव्यांची होते.

१९५६ सालीं तेरेंगानूच्या किनाऱ्यावर ह्या कासवाचीं दहा हजारांहून अधिक घरटीं मोजलीं गेलीं. १९९५ सालीं तीं चाळीसही भरलीं नाहींत. ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत कांहीं वर्षीं एक-दोन, तर कांहीं वर्षीं एकही नाहीं.

असें कां झालें? किनाऱ्यावरील अंडीं गोळा करण्याचा मक्ता दिला जात असे आणि अंडीं बाजारांत खाण्यासाठीं विकलीं जात. पिढ्यान् पिढ्या हें चाललें, तरी माद्या दरवर्षी येतच होत्या. म्हणून कोणास कांहीं बिघडलें आहे असें वाटलें नाहीं. येथेंच मोठी मेख आहे. हें कासव वयांत येण्यास पुष्कळ वर्षें लागतात व पुढें तें दीर्घकाळ अंडीं घालीत राहतें. वर्गांत पहिलीच्या मुलांची भरती बंद झाली तरी वरचे वर्ग कांहीं वर्षें भरलेलेच दिसतात, तसें हें झालें. जुन्या माद्या येत होत्या, त्यांची जागा घेण्यास मागून कोणी येत नव्हतें. त्यांतच खुल्या समुद्रांतील मैलोगणती लांबीच्या जाळ्यांत कित्येक मोठीं कासवें गुंतून बुडालीं. कारण कासव पाण्यांत राहत असलें तरी त्यास श्वासासाठीं वर यावें लागतें. किनाऱ्यावर पाहुण्यांची झुंबड उडे. विजेरीचा झोत तोंडावर टाकणें, शेकोट्या पेटविणें, इतकेंच नव्हे तर अंडीं घालीत असलेल्या मादीच्या पाठीवर बसून फोटो काढून घेणें, हे सर्व प्रकार तेथें घडले.

उपाय झालेच नाहींत असें नाहीं. १९६१ पासून कांहीं अंडीं कुंपणाच्या आंत पुरून पिल्लें समुद्रांत सोडण्यास आरंभ झाला. परंतु कासवाचें पिल्लूं नर होणार कीं मादी, हें अंडें ज्या वाळूंत असतें तिच्या उष्णतेवर ठरतें. सुमारें एकोणतीस-तीस अंशांच्या वर वाळू तापली तर बहुतेक माद्याच निपजतात. रांताउ आबांगचीं कुंपणें उन्हांत होतीं, आणि पुढें अभ्यासकांनीं तपासलें तेव्हां तेथून सोडलेल्या पिल्लांत नर जवळजवळ नव्हतेच असें दिसून आलें. ही गोष्ट ध्यानांत येऊन सावलीची व्यवस्था होईपर्यंत परतणाऱ्या माद्याच मूठभर उरल्या होत्या. चांगल्या हेतूनें केलेल्या कामासही ज्ञानाची जोड नसली म्हणजे काय होतें, ह्याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ह्या जातीच्या अंड्यांची विक्री बंद झाली. सर्वच समुद्रकासवांच्या अंड्यांच्या विक्रीस तेरेंगानूंत बंदी आली ती २०२२ सालीं. मलेशियाच्या २०१२ सालच्या वीस रिंगिटच्या नोटेवर ह्या कासवाचें चित्र आहे. चित्रांत तें फार सुरेख दिसतें.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं ऑलिव्ह रिडले नांवाचें लहान जातीचें कासव येतें. पूर्वी तेथेंही अंडीं माणसें व कोल्हीं नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन अंडीं राखण्याचें काम चालविलें आहे. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पिल्लें सोडतांना पाहण्यास पुष्कळ लोक जातात व गांवांतील घरांत उतरतात. जे पालक मुलांस तेथें नेतील त्यांनीं रांताउ आबांगची हकीकत वाटेंत सांगावी. दोरीच्या अलीकडे उभें राहावें, पिल्लास हात लावूं नये, आणि रात्रीं किनाऱ्यावर दिवा नेऊं नये, असें तेथील कार्यकर्ते सांगतात तें कां, हें मग मुलें आपणच ओळखतील.

तेरेंगानूंत हिरव्या जातीचीं कासवें अजून येतात. रेदांग बेटाच्या उत्तर अंगास चागार हुतांग नांवाची एक छोटी पुळण आहे. तेथें १९९३ पासून विद्यापीठाचे संशोधक अंडीं न हलवितां, मादीनें निवडलेल्या जागींच राखतात. मग कांहीं घरटीं झाडांच्या सावलींत व कांहीं उन्हांत राहून नर व माद्या दोन्ही निपजतात. हंगामांत तेथें बाहेरील स्वयंसेवकांस आठवडाभर राहून काम करितां येतें. रात्रीं पाळी लावून पुळणीवर गस्त घालावयाची, मादी वर आली म्हणजे तिच्या मागें, दूर, अंधारांत बसून राहावयाचें, तिनें वाळू लोटली कीं जागेची नोंद वहींत करावयाची, आणि सकाळीं आदल्या रात्रींचीं घरटीं मोजावयाचीं.