ब्यूफर्टला दोन रात्री थांब

छोटे, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, चार्ल्स्टनहून बोटीने निघायचं, ब्यूफर्टला एक रात्र काढायची आणि पुढे सव्हाना." तुझा नवरा शेजारीच होता, बेतही त्यानेच आखलेला, म्हणून मी गप्प बसले. पण तुझ्या आवाजात उत्साह नव्हता गं. म्हणून आता तुला एकटीला सांगते. ब्यूफर्टला दोन रात्री थांबा.

आधी नाव नीट म्हणायला शीक. साउथ कॅरोलायनातलं हे ब्यूफर्ट, आणि हुबेहूब तेच स्पेलिंग असलेलं नॉर्थ कॅरोलायनातलं गाव बोफर्ट. रेडिओवरून धक्क्याला हाक मारशील तेव्हा उपयोगी पडेल.

चार्ल्स्टनपासून आतल्या जलमार्गाने सुमारे ११० किलोमीटर. तुमच्या बोटीच्या वेगाने ते एका दिवसात उरकायला जाऊ नका, वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाका. गावाच्या तोंडाशी वूड्स मेमोरियल ब्रिज आहे. त्याचा मधला भाग आडवा फिरतो, मग बोटींना वाट मिळते. तो ओलांडला की लगेच धक्का. या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक सात-आठ फुटांचा, त्यामुळे धक्क्यापाशी पाणी अक्षरशः पळत असतं.

आम्ही पहिल्यांदा पोचलो ते नेमके ओहोटीच्या ऐन जोरात. तुझे भावोजी सुकाणूवर, मी पुढे दोर घेऊन उभी. ते ओरडले, "टाक!" इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं, "थांब!" मी थांबले. बोट आडवी झाली आणि शेजारच्या बोटीला घासत गेली. पांढऱ्या रंगावर हातभर लांब ओरखडा उठला. त्या बोटीवरच्या आजी काही न बोलता पुढे आल्या, माझ्या हातातला दोर घेतला आणि दोन वेढे देऊन अडकवला. आम्ही दोघं मात्र जेवणापर्यंत एकमेकांशी बोललो नाही. त्या रात्री आम्ही हाताच्या पाच खुणा ठरवल्या, आणि तेव्हापासून बोटीवर आरडाओरडा बंद झाला. तुम्ही त्या निघायच्या आधीच ठरवा. आणि भरती-ओहोटी बदलताना पाणी थोडा वेळ थबकतं, तेव्हाच धक्क्याला लागा. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, आठवतं? तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिथे चालायचा नाही. तिथलं वेळापत्रकच बघ. पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मात्र तिथेही असतंच.

आता दुसरी रात्र कशासाठी, ते ऐक. पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांसारखेच फिराल. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, खांबांचे मोठमोठे व्हरांडे, कालवांच्या शिंपल्यांचा चुना आणि वाळू कालवून बांधलेल्या जुन्या भिंती. १७११ साली वसलेलं हे गाव खरोखर देखणं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या आरमाराने इथली खाडी घेतली, मळेवाले घरंदारं टाकून पळाले, आणि सैन्याने ती घरं जाळण्याऐवजी इस्पितळं आणि कचेऱ्यांसाठी वापरली, म्हणून ती आज उभी आहेत. पण तेवढं बघून परतलीस तर मला वाईट वाटेल. ही श्रीमंती गुलामांच्या घामावर उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्स स्ट्रीटवर जा, दोघंही. तिथे एक पांढरं घर आहे, ते बाहेरूनच बघा. त्याच्या मागच्या आवारातल्या गुलामांच्या खोलीत १८३९ साली रॉबर्ट स्मॉल्स जन्मला. बाराव्या वर्षी त्याला चार्ल्स्टनला मजुरीला धाडलं. तिथे हॉटेलात काम करणाऱ्या हॅनाशी त्याचं लग्न झालं. तीही गुलामच. बायको आणि लेक सोडवायची तर ८०० डॉलर हवे होते, आणि त्याच्या गाठीला १०० जमले होते.

१३ मे १८६२ च्या पहाटे, रॉबर्ट जिच्यावर कामाला होता ती दक्षिणेच्या सैन्याची 'प्लँटर' ही आगबोट चार्ल्स्टनहून निघाली. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर उतरले होते. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून सुकाणूच्या खोलीत रॉबर्ट उभा होता, आणि बोटीवर हॅना आणि लेकरं धरून सोळा जण. फोर्ट सम्टरच्या तोफांसमोर त्याने ठरलेली शिट्टी वाजवली, आणि किल्ल्याने वाट दिली. पुढे उत्तरेच्या जहाजाने गोळी घालू नये म्हणून झेंड्याच्या जागी पांढरी चादर चढवली. ती हॅनाने सोबत आणली होती, असं सांगतात. पकडले गेलो तर बोट बुडवायची, हे निघतानाच ठरलं होतं. हॅनाला सगळं ठाऊक होतं छोटे, आणि ते ठाऊक असूनच ती लेकरांना घेऊन आली.

युद्ध चालू असतानाच रॉबर्टने प्रिन्स स्ट्रीटवरचं ते मालकाचं घर करवसुलीच्या लिलावात विकत घेतलं. पुढे तो काँग्रेसवर निवडून गेला आणि १९१५ मध्ये त्याच घरात वारला.

त्या घरासमोर उभी असताना मला माझ्या हातातला दोर आठवला. तोवर चार वर्षं मी बोटीवर फक्त तुझे भावोजी सांगतील ते करत आले होते. तू तसं करू नकोस. आज रात्री नकाशा पुढ्यात ओढ, भरतीच्या वेळा तू काढ, निदान एका खाडीतून सुकाणू तू धर. आणि दुसऱ्या रात्रीचं नवऱ्याला तूच सांग. ताईने सांगितलं, असं म्हणू नकोस.