परसातल्या तीन गुंठ्यांना कोणता पंप?

प्रश्न : नोकरी संपवून मुंबईहून मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो आहोत. घरामागच्या परसात तीन गुंठ्यांवर वांगी, मिरची, भेंडी आणि मांडवावर पडवळ-दोडकी आहेत. आगरात जुन्या पोफळी आहेत, सड्यावर ‘निसर्ग’ वादळानंतर लावलेली दहा-बारा हापूसची कलमे आहेत. आजवर दांड्याचा हातपंप वापरला, आता खांदा साथ देत नाही. दुकानदार म्हणतात, पेट्रोलचा पंप घ्या, त्याचा फवारा धुक्यासारखा पडतो आणि औषध चांगले लागते. पुतण्या म्हणतो, चार्जिंगचा पुरे. जोर जास्त आणि थेंब बारीक म्हणजे फवारणी चांगली, हे खरे का? आणि आम्ही घ्यावा तरी कोणता?
— एक वाचक, मंडणगड

उत्तर : चार्जिंगचाच घ्या. सोळा लिटरचा, आणि बॅटरी उतरली तर दांड्यानेही चालणारा. पुतण्याचे बरोबर आहे. पण तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. पंप विकत घेताना बहुतेक जण तो विचारतच नाहीत, आणि त्याची किंमत पुढे फवारणाऱ्याच्या अंगावर निघते.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. दोनशे मायक्रॉनचा एक थेंब फोडला तर त्यातून शंभर मायक्रॉनचे आठ थेंब होतात. तेवढेच औषध, पण त्याने पानाचा दुप्पट भाग झाकला जातो. पुढचे अर्धे मात्र कोणी सांगत नाही. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीएवढा थेंब एक मीटर खाली यायला चारेक सेकंद घेतो. वीस मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच अंतरासाठी मिनिटाहून जास्त लागते. एवढ्या वेळात तो पानावर उतरतच नाही. वाऱ्याबरोबर गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या विहिरीकडे जातो, नाही तर त्यातले पाणी हवेतच सुकते आणि उरलेले औषध फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. डोळ्यांना जे सुंदर धुके दिसते, त्यातला मोठा भाग पिकाच्या कामाचा नसतो.

आता जोराबद्दल. एकाच नोझलमधून दुप्पट पाणी काढायचे तर दाब चौपट करावा लागतो. म्हणजे पंपाचे बटण पूर्ण फिरवले तरी पानावर फारसे जास्त औषध पडत नाही, वाढलेला दाब थेंब फोडण्यात खर्च होतो. भाजीपाल्यावर कीड किंवा बुरशीसाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल वापरतात. ते तीन किलोच्या आसपास दाबावर, म्हणजे चाळीसेक पीएसआयवर उत्तम चालते. एवढा दाब दांड्याचा हातपंपही देतो. चार्जिंगचा पंप तोच दाब तुमच्या खांद्याला हलवल्याशिवाय देतो, त्याचे काम एवढेच. म्हणून दुकानात मोटारीची ताकद विचारण्याआधी नोझल पाहा, आणि दाब कमी-जास्त करण्याचे बटण आहे का ते पाहा. बटण नसलेला पंप घेऊ नका.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण यवतमाळ आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. माणसाच्या उंचीला पोहोचलेली कपाशी, दमट उकाडा, एकात एक मिसळलेली जहाल औषधे, अंगावर धड कपडे नाहीत, अशी अनेक कारणे पुढे आली. त्यांत बॅटरीवर चालणाऱ्या, जोरदार आणि फार बारीक फवारा सोडणाऱ्या नव्या पंपांचेही नाव होते. पिकाच्या आत उभे राहून, डोक्याच्या पातळीवर, विषाचे धुके करायचे आणि तेच श्वासात घ्यायचे, असे तिथे घडले.

तुमच्याकडे कपाशी नाही, पण मांडव आहे. पडवळ-दोडक्याच्या मांडवाखाली उभे राहून वर नोझल धरणे म्हणजे तीच परिस्थिती परसात तयार करणे आहे. मांडवाच्या बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि लांब दांडीने कडेकडेने फवारा. दांडीचे टोक वाकडे असेल तर पानांच्या खालच्या बाजूलाही औषध पोहोचते. मावा, पांढरी माशी आणि कोळी तिथेच बसलेले असतात. वरून कितीही भिजवले तरी ते सुखरूप राहतात. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्याआधी, सकाळी पानांवरचे दव सुकले की फवारणी उरकावी.

तीन गुंठ्यांना किती औषधपाणी लागेल, याचा हिशोब सोपा आहे. पूर्ण वाढलेल्या भाजीला हेक्टरी पाचशे लिटर पाणी धरतात. हेक्टरात जवळजवळ शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाच लिटर. तुमचे सगळे परस पंधरा लिटरमध्ये, एका टाकीत होते. आता नव्या पंपात साधे पाणी भरा आणि एक मिनिट मापाच्या भांड्यात फवारून पाहा. पाऊण लिटरच्या आसपास पाणी आले तर टाकी वीस मिनिटांत संपेल. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-अवरची साधी बॅटरी एका चार्जिंगमध्ये अशा पाच-सहा टाक्या आरामात काढते. म्हणून बारा अँपिअरच्या मोठ्या बॅटरीला पैसे घालू नका, तिचे वजनही पाठीवरच येते.

वजन हा तुमच्या बाबतीत सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. सोळा लिटर पाण्याचे सोळा किलो, त्यात पंपाचे पाच-सहा. पेट्रोलचा पंप रिकामाच आठ-दहा किलोंचा, टाकी बहुधा त्याहून मोठी, शिवाय कानाशी आवाज, पाठीला हादरा आणि तोंडाजवळ धूर. गडग्यातल्या अरुंद वाटेने, जांभ्याच्या पायऱ्या चढत तीस किलो वाहायचे वय तुमचे राहिलेले नाही, आणि घरातल्या बाईमाणसांवरही ते लादू नये. सोळा लिटरची टाकी आहे म्हणून ती काठोकाठ भरलीच पाहिजे असे नाही. दहा लिटर भरा, दोन खेपा करा. त्यात आणखी एक सोय आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या आंब्याच्या फवारणी वेळापत्रकात औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्यामागे दिलेले असते. टाकीवर दहा लिटरची खूण ठळक करून ठेवली की मापात चूक होत नाही. ‘जरा जास्त घातले तर बरे’ ही सवय मोडायलाही ती खूण उपयोगी पडते.

दांड्यानेही चालणारा पंप सांगितला तो विजेमुळे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर मंडणगड-दापोलीत कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. बॅटरीत शिसे-आम्लाची आणि लिथियमची असे दोन प्रकार मिळतात. लिथियमची महाग पडते, पण हलकी असते. तुमचा खांदा पाहता परवडली तर तीच घ्या. शिसे-आम्लाची घेतलीत तर एक पथ्य पाळा : ती उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की आतून मरते. पावसाचे चार महिने पंप माळ्यावर टाकला आणि दिवाळीनंतर काढला, की बॅटरी बदलावीच लागते. महिन्यातून एकदा आठवणीने चार्ज केली तर ती टिकते.

कलमांचे म्हणाल तर वादळानंतरची तुमची झाडे अजून लहान आहेत. दांडीला जोड-नळी लावली की याच पंपाने त्यांचे भागते. झाडे दोन पुरुष उंचीच्या वर गेली, की पाठीवरचा कोणताच पंप पुरा पडणार नाही. तेव्हा एचटीपी लागेल, म्हणजे जमिनीवर ठेवायचा तीन पिस्टनचा पंप आणि लांबच लांब नळी. पण दहा-बारा झाडांसाठी तो विकत घेणे शहाणपणाचे नाही, माणसासकट भाड्याने बोलवावा. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका. फळधारणा ज्या माश्या आणि मधमाश्या करतात त्याच मरतात.

पोफळींना तुमचा पंप पोहोचणार नाही, आणि त्या हट्टापायी पेट्रोलचा जोरदार पंपही घेऊ नका. खालून चाळीस फूट वर मारलेल्या औषधातले निम्मेशिम्मे फवारणाऱ्याच्या अंगावर परत येते. कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण घडांवरच बसले पाहिजे. त्यासाठी झाडावर चढणारा जाणता माणूस नोझल वर नेतो आणि पंप खाली राहतो. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी दीड महिन्याने उघडीप पाहून. एक टक्का मिश्रणाला दहा लिटरमागे शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात करायचे आणि मग एकत्र ओतायचे. त्यात लोखंडी पाते बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. लहान कलमांसाठी हे मिश्रण तुमच्या पंपात घालाल तेव्हा ते फडक्यातून गाळून घाला, आणि काम संपल्यावर लगेच तीन वेळा स्वच्छ पाण्याने पंप चालवून धुवा. चुन्याचे कण नोझलमध्ये बसतात आणि मोरचूद धातूचे भाग खाते.

निंबोळी अर्कालाही गाळणे आलेच. पाच टक्के अर्कासाठी पंधरा लिटरला पाऊण किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवावी लागते, आणि तिचा गाळ जाळीत अडकला की लोकांना वाटते मोटार बिघडली. तरीही तीन गुंठ्यांच्या घरच्या भाजीला मी आधी निंबोळीच सुचवीन. ही भाजी तुम्ही तोडता त्याच दिवशी खाता. रासायनिक औषध घ्यावेच लागले तर डब्यावरचा त्रिकोण पाहा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळा परसात नकोच. तणनाशक तर या पंपात कधीही घालू नका. त्याचा धुऊनही राहिलेला अंश वांग्या-मिरचीची पाने वाकडी करायला पुरतो. पंप धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा पऱ्यात जाऊ देऊ नका. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात.

दुकानात गेलात की पंपात दहा लिटर पाणी भरायला सांगा आणि तो पाठीवर घेऊन चालून पाहा. पट्टे रुंद आणि गादीचे हवेत, झाकणातून मानेवर पाणी ठिबकता कामा नये, खटका सोडला की फवारा तिथल्या तिथे थांबला पाहिजे. वायसर, नोझल आणि पंपाचा आतला पडदा मंडणगडात किंवा दापोलीत सुटे मिळतात का, ते विचारा. ते मिळत नसतील तर स्वस्तातला पंप दुसऱ्याच हंगामात अडगळीत जाईल. सातबारा तुमच्या नावावर असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अनुदानाची चौकशी करा. यांत्रिकीकरणाचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अनुदान हवे असेल तर पूर्वसंमतीचे पत्र हातात आल्याशिवाय खरेदीची पावती करू नका.