अंगावरील गांधी: शीतपित्त की गाजरगवत?

पावसाळ्यात चिखली, मेहकर, खामगाव परिसरातील रुग्ण 'अंगावर गांधी उठल्या' असे सांगत येतो, तेव्हा शीतपित्त समजून लगेच हरिद्राखंड देण्याची घाई आपण करू नये.

माधवनिदानानुसार शीत वाऱ्याच्या स्पर्शाने प्रकुपित झालेले कफ-वात पित्तासह पसरतात व गांधीलमाशीच्या दंशासारखे शोथ उठतात. असा एकेक शोथ बहुधा २४ तासांत डाग न ठेवता मावळतो. याउलट पापण्या, मान, कोपराची लवण येथे अनेक दिवस टिकणारे, कंडू व स्रावयुक्त चट्टे दिसल्यास बांधावरील गाजरगवताचा संपर्क अवश्य विचारावा.

शीतपित्तात सर्षप तैलाचा अभ्यंग, उष्णोदक सेक व बलानुसार वमन-विरेचन ग्रंथोक्त आहे. गाजरगवताच्या विकारात मात्र तोच अभ्यंग दाह वाढवू शकतो. तेथे निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. गवत हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी उपटावे. ज्यांना त्रास आहे त्यांनी ते काम करू नये.

नवीन औषध, कीटकदंश वा विरुद्धाहार घडला का, हेही विचारावे. ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, श्वासकष्ट वा भोवळ असल्यास काढ्याची वाट पाहू नये. १०८ ला बोलावून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वेळ ओळखणे हेही वैद्याचे कर्तव्यच होय.