मिनँडरची ब्राँझ नाणी आणि त्याच्या राज्याची सीमा

झाशीच्या पूर्वेस, बुंदेलखंडातच मोडणाऱ्या हमीरपूर जिल्ह्यात पचखुरा येथे एकोणिसाव्या शतकात यवन राजांच्या नाण्यांचा एक साठा मिळाला. त्यात मिनँडरची चांदीची नाणी होती. या ग्रीक राजाने इ. स. पू. १५५ ते १३० च्या सुमारास भारताच्या वायव्य भागात राज्य केले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाशी तत्त्वचर्चा करणारा सागलचा राजा मिलिंद तो हाच होय. त्याची सत्ता बुंदेलखंडापर्यंत पोहोचली होती, असे या साठ्यावरून मानावे काय?

तसे मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मिनँडर अलेक्झांडरपेक्षाही पूर्वेकडे गेला होता, असे स्ट्रॅबो हा भूगोलकार नमूद करतो. यवनांनी साकेतास वेढा दिल्याचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात येतो. मात्र तेथे राजाचे नाव नाही.

या प्रश्नाचा विचार करताना चांदीच्या व ब्राँझच्या नाण्यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. चांदीच्या नाण्याचे मोल त्याच्या धातूतच असते. म्हणून ते व्यापाऱ्यांबरोबर दूरदूर जाते आणि ते पाडणारा राजा गेल्यावरही चालू राहते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ सांगतो की, मिनँडर व अपोलोडोटस यांची जुनी द्रम्म नाणी त्या काळीही भडोच बंदरात चालत होती. मिनँडरच्या मृत्यूनंतर सुमारे दोन शतकांनी ही स्थिती होती.

ब्राँझचे नाणे बाजारातील किरकोळ व्यवहारासाठी असते. त्याचे मोल मुख्यत्वे राजाज्ञेवर अवलंबून असल्याने राज्याबाहेर त्यास फारसे कोणी विचारीत नाही. मिनँडरची ब्राँझ नाणी बहुधा चौकोनी आहेत. हा आकार भारतीय आहत नाण्यांच्या परिचयाचा होता. काही नाण्यांवर एका बाजूस हत्तीचे मस्तक व दुसऱ्या बाजूस ग्रीक वीर हेराक्लिसची गदा आढळते. काहींवर आठ आऱ्यांचे चक्र व ताडपत्र दिसते. एका बाजूस ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत व प्राकृत भाषेत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे ‘त्राता महाराज मिनँडर याचे’, असा लेख असतो. खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात मुख्यतः ब्राह्मी लिपी प्रचलित होती. हे नाणे कोणत्या प्रजेच्या हाती पडावे अशी राजाची अपेक्षा होती, हे यावरून उघड होते.

ही ब्राँझ नाणी प्रामुख्याने गांधार व पंजाब या प्रदेशांत मिळतात. तेव्हा राज्याचा गाभा तेथे शोधावयास हवा. पचखुऱ्याच्या साठ्यावरून मिनँडरची चांदी बुंदेलखंडात आली होती, एवढे निश्चित म्हणता येते. ती व्यापाराने आली, की स्वारीवरील सैनिकांच्या गाठोड्यातून, हे केवळ त्या साठ्यावरून ठरत नाही. राजाचे नाणे जेथे सापडते, तेथे त्याची सत्ता होतीच असे नाही. आणि सत्तेचा शोध घेताना चकाकणाऱ्या चांदीपेक्षा झिजलेले ब्राँझ अधिक भरवशाचा साक्षीदार ठरते.