सोडणारा चुंबक आणि न सोडणारा चुंबक



लोहचुंबक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून सिंदफणेच्या वाळूतून ओढला की त्याला काळी भुकटी चिकटते. आपल्याकडचा काळा खडक झिजून जी वाळू होते, तिच्यात लोहखनिजाचे हे कण असतात. ती भुकटी आम्ही बाटलीत साठवली होती. ती या प्रयोगाला कामी आली.

दुसरा चुंबक आम्ही वर्गातच तयार केला. तीन इंची खिळा घेतला. मोटारी बांधणाऱ्याच्या दुकानातून तांब्याची तार आणली आणि खिळ्यावर एकाच दिशेने ५० वेढे दिले. या तारेवर वार्निशचा थर असतो. आम्ही तो खरवडलाच नाही, म्हणून पहिल्या खेपेला एकही टाचणी हलली नाही आणि सगळे हसले. मग टोके ब्लेडने घासून बॅटरीच्या सेलला लावली. खिळ्याने टाचण्या उचलल्या! तार सोडली की टाचण्या खाली. एखादीच चिकटून राहिली.

गुरुजींनी विज्ञानपेटीतला पट्टीचुंबक पुठ्ठ्याखाली ठेवला व वर भुकटी भुरभुरली. टिचकी मारताच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळलेल्या रेघा उमटल्या. मग त्याच जागी आमचा खिळा ठेवला. रेघा फिकट आल्या, पण ठेवण तीच. चुंबकाचा जोर जेवढ्या जागेत जाणवतो, तिला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. नुसत्या रेघा बघून हे क्षेत्र पट्टीचे की तारेच्या वेटोळ्याचे, हे कोणालाच ओळखता येईना. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओरस्टेड यांनी १८२० साली दाखवून दिले होते.

मग दोघांत फरक काय? वेढे वाढवले की खिळ्याचा जोर वाढला. सेल उलटा लावला तर खिळ्याकडे सुईचे आधी जे टोक ओढले जात होते, तेच आता दूर पळाले. पट्टीचुंबकाचे असे काही करता येत नाही. त्याचा जोर आहे तेवढाच. पण तो फुकट काम करतो. आमचा सेल थोड्याच वेळात गरम झाला, म्हणून तार क्षणभरच लावायची. (आणि हा प्रयोग सेलवरच करायचा. घरातल्या बोर्डावर कधीच नाही!)

सायकलच्या डायनामोत कायमचा चुंबक असतो. त्याचा जोर बदलता येत नाही, म्हणून उताराला दिवा भगभगतो अन् चढाला मिणमिणतो. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. अशा मोठ्या जनित्रात फिरणारा चुंबक तारेच्या वेटोळ्यांचा असतो. तो मिनिटाला ३००० फेरे घेतो, आणि वेटोळ्यातली वीज कमी-जास्त करून विजेचा दाब सांभाळतात.

परळी लांब राहिली. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तर रोज बघतो आपण. त्याच्या डब्यात अशीच एक कॉईल आहे. हिरवे बटण दाबले की कॉईलमध्ये वीज जाते, ती लोखंडी ठोकळा खट्‌कन ओढते आणि तिन्ही फेजचे संपर्क जुळतात. त्याच वेळी एक लहान संपर्कही जुळतो व कॉईलला वीज देत राहतो. म्हणून बोट काढले तरी मोटार चालू राहते. लाल बटण ही वीज तोडते.

आता लाईट गेली असे समजा. कॉईलचे चुंबकत्व गेले, ठोकळा सुटला, संपर्क उघडले, लहान संपर्कही उघडला. तासाभराने लाईट आली तरी कॉईलकडे वीज जात नाही. मोटार गप्प राहते, कोणी येऊन बटण दाबेपर्यंत. त्या तासाभरात एखादा माणूस फुटबॉल साफ करायला विहिरीत उतरला असेल, किंवा तुटलेली वायर जोडत बसला असेल. कॉईलच्या जागी कायमचा चुंबक असता तर त्याने ठोकळा सोडलाच नसता. लाईट येताच त्या माणसाच्या हातातली वायर जिवंत झाली असती.

पण बरेच जण हिरव्या बटणात काडी खोचतात किंवा ते दोरीने दाबून बांधतात. मग लाईट येताच कॉईल पुन्हा ओढते, म्हणजे सोडणाऱ्या चुंबकाचा आपणच न सोडणारा चुंबक केला. आपोआप चालू करणारा स्विच बसवला तरी हाच धोका आहे. विहिरीत उतरताना खांबावरचा मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवला, तरच तो टळतो.

आमच्या स्टार्टरच्या बटणातही बाभळीची काडी होती. मी आबांना खिळा, टाचण्या आणि सेल दाखवला. आबांनी तीन-चार वेळा स्वतः तार लावून-सोडून बघितली. दुसऱ्या दिवशी मेन स्विच पाडून त्यांनी काडी काढली. मात्र रात्री दोन वाजता लाईट आली तर अंधारात, इचू-काट्यातून शेतात जायचे कोणी, यावर आबांचे आणि दादांचे अजून एकमत झालेले नाही.