भूमिकाभिनय आणि बालशिक्षण : कुंभकोणमचा संदर्भ

बालशिक्षणातील नाट्याचा विचार करताना मराठी वाचकाची दृष्टी सहजच पुण्या-मुंबईच्या बालरंगभूमीकडे वळते. परंतु नाट्य हे ज्ञानदानाचे साधन होऊ शकते, याचे एक जुने मराठी उदाहरण कावेरीच्या खोऱ्यात आढळते. कुंभकोणम हे पूर्वीच्या तंजावरच्या मराठी राज्यातील नगर. आज ते तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात मोडते. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत गावोगाव हिंडणारी स्त्री. या नाटकात जगाचा भूगोल गीतांच्या रूपाने मांडला आहे. नाट्यप्रकार तमिळ, भाषा मराठी आणि विषय आधुनिक भूगोल, असा हा विलक्षण संगम होय.

तथापि अशा नाटकात ज्ञान सांगितले जाते आणि प्रेक्षक ते ऐकतो. तीन ते आठ वर्षे वयाच्या बालकाची गरज निराळी असते. त्याला ऐकण्यापेक्षा ‘होऊन पाहणे’ अधिक भावते. भातुकलीत आई होणारी मुलगी किंवा शाळा-शाळा खेळताना छडी उगारणारा मुलगा कोणाच्याही शिकवणीवाचून हेच करीत असतो. या स्वाभाविक प्रवृत्तीला शिक्षकाने हेतुपूर्वक दिलेले वळण म्हणजे भूमिकाभिनय. त्यात पाठ केलेले संवाद नसतात, प्रेक्षक नसतात, पडदाही नसतो. स्नेहसंमेलनासाठी महिनाभर तालीम करून बसविलेली नाटिका ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात शिक्षकांचेच श्रम अधिक दिसतात, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की (१८९६ ते १९३४) यांनी या खेळाचे मर्म नेमके उलगडले. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करण्यास शिकते. कल्पनाशक्तीचा पाया येथेच घातला जातो. दुसरा मुद्दा परीक्षार्थींनी विशेष लक्षात घ्यावा. काल्पनिक खेळ वरवर स्वैर वाटला, तरी तो नियमांनी बांधलेला असतो. ‘दुकानदार’ झालेल्या मुलाला समोरची मिठाई खाऊन टाकता येत नाही. ती विकावी लागते. एरवी हट्ट करणारे मूल भूमिकेत शिरल्यावर स्वतःला आवरते, आपली पाळी येईपर्यंत थांबते. सहकार्याची सवय उपदेशापेक्षा या मार्गाने लवकर जडते.

उदाहरणादाखल कुंभकोणमचा महामहम उत्सव घेऊ. हा उत्सव दर १२ वर्षांनी भरतो. यापूर्वीचा २०१६ मध्ये झाला. पाच-सहा मुलांच्या गटाला शिक्षिका एवढेच सांगते : “आपण जत्रेत आलो आहोत आणि एक लहान मूल हरवले आहे.” कोणी पोलीस होतो, कोणी पानवाली, कोणी बसचा वाहक. हरवलेल्या मुलाला घराचा पत्ता सांगता येत नाही, ही अडचण सर्वांची होते. पानवालीने काही पाहिले असेल, तर ते पोलिसाला सांगावे लागते. एकट्याने प्रश्न सुटत नाही. शिक्षिकेने उत्तर देऊ नये. फार तर स्वतः एखादी वृद्ध यात्रेकरू बनून खेळात शिरावे व नवा प्रश्न टाकावा. दुसऱ्या दिवशी भूमिका बदलाव्यात. अन्यथा धीट मूल नेहमीच पोलीस होते आणि बुजरे मूल नेहमीच झाड!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला असून त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाधारित शिक्षणावर भर आहे. तामिळनाडूने या धोरणाचा स्वीकार न करता २०२५ मध्ये स्वतःचे राज्य शैक्षणिक धोरण जाहीर केले. मात्र तेथेही २०२२ पासून पहिली ते तिसरीसाठी चालविलेल्या ‘एण्णुम एळुत्तुम’ या कार्यक्रमात कृतियुक्त अध्ययनालाच महत्त्व दिले आहे. धोरणांविषयी मतभेद असले, तरी या एका बाबतीत दोन्हींची दिशा एकच आहे.

कुंभकोणमचे नाव शिक्षणक्षेत्रात आणखी एका कारणाने घेतले जाते. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका खासगी शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेतून उद्भवलेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळेचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. अग्निशामक साधने, ज्वालाग्राही पदार्थांपासून मुक्त इमारती व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांविषयी निर्देशही दिले.

जीना अरुंद असेल आणि छप्पर ज्वालाग्राही असेल, तर कोणताही सराव मुलांना वाचवू शकत नाही. इमारतीची जबाबदारी प्रौढांचीच. परंतु इमारत सुरक्षित असूनही भेदरलेले लहान मूल बाकाखाली लपून बसते, हा धोका उरतोच. केवळ घंटा वाजवून घेतलेल्या कवायतीचा अर्थ पाच वर्षांच्या बालकाला कळत नाही. येथे भूमिकाभिनय उपयोगी पडतो. सारा वर्ग मुंग्या होतो. धूर वर साचतो आणि जमिनीलगत हवा त्या मानाने स्वच्छ असते. म्हणून दोन मुले एक चादर कमरेइतक्या उंचीवर ताणून धरतात आणि मुंग्या तिच्याखालून रांगत जातात. पुढची मुंगी वाट दाखविते. शेवटची मुंगी मागे कोणी राहिले का, ते पाहते; शिक्षिका तिच्यासह सर्वात शेवटी बाहेर पडते. दप्तर घ्यायला मागे फिरायचे नाही, हा खेळाचा नियम. ठरलेल्या झाडाखाली पोहोचल्यावर प्रत्येक मुंगी आपल्या जोडीदाराचे नाव सांगते आणि शिक्षिका हजेरीपटाशी पडताळा घेते. आग, मृत्यू यांची भयावह वर्णने टाळावीत. तसेच पुढची मुंगी दर वेळी वेगळी निवडावी.