माझ्या डावात ती माणूस निघाली!

गेमिंग म्हटलं की आपल्या होस्टेलवर एकच चित्र डोळ्यासमोर येतं. रात्री दोन वाजता एखाद्या रूममधून "अरे मार, मार त्याला!" असा आरडाओरडा आणि सकाळी आठच्या लेक्चरला निम्मा वर्ग गायब! पण आज मी ज्या गेमबद्दल लिहिणार आहे, त्यात हातात पिस्तूल असतं, तरी ते चालवण्यापेक्षा न चालवणं जास्त अवघड आहे. गेम जुना आहे, १९९७ चा. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्याही आधीचा. नाव 'ब्लेड रनर'. हा गेम खेळता खेळता मला एक गोष्ट कळली, जी खरं म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्येच कळायला हवी होती. ती कोणती, ते ओघाने येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. ह्या प्रकाराला 'पॉइंट अँड क्लिक' म्हणतात. सगळं काम माउसवर. पडद्यावर एखादी खोली दिसते, जिथे क्लिक कराल तिथे आपला नायक चालत जातो, वस्तू उचलतो, समोरच्या माणसाशी बोलतो. डिटेक्टिव्ह गोष्टींना हा प्रकार अगदी फिट्ट बसतो, कारण डिटेक्टिव्ह तरी दुसरं काय करतो? बघतो, विचारतो आणि जोडतो.

पण ह्या गेम्समध्ये एक मोठा दोष असायचा. उत्तर एकच, आणि ते गेम लिहिणाऱ्याच्या डोक्यात! ह्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९९ साली आलेला 'गॅब्रिएल नाइट ३'. त्यात नायकाला दुसऱ्याच्या नावावर मोटारसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी काय करायचं? भोकावर चिकटपट्टी लावून मांजराचे केस मिळवायचे आणि पाकातून ते ओठावर चिकटवून मिशी बनवायची. बरं, ज्याचं सोंग घ्यायचं त्या माणसाला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही मार्करने मिशी काढायची. आता हे कुणाला सुचणार? असा गेम पुरा करायचा तर उत्तरांची फाइलच हवी. खेळणारा डिटेक्टिव्ह राहत नाही, कॉपी करणारा होतो.

'ब्लेड रनर'ने नेमकी हीच गोम ओळखली.

गोष्ट काय आहे?

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' हा सिनेमा १९८२ चा. तो फिलिप के. डिक ह्यांच्या १९६८ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. गेम बनवला लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने, लुई कॅसल ह्यांच्या नेतृत्वाखाली. गेममध्ये सिनेमाचीच गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही. काळ तोच, नोव्हेंबर २०१९. शहर तेच, सतत पाऊस पडणारं लॉस एंजलिस. नायक मात्र वेगळा, रे मकॉय नावाचा नवखा पोलीस. 'रेप्लिकंट' म्हणजे कारखान्यात बनवलेली, हुबेहूब माणसासारखी दिसणारी माणसं. त्यांना पृथ्वीवर यायला बंदी. आलेच तर शोधून संपवायचं, हे ब्लेड रनरचं काम.

सुरुवात होते रन्सिटर नावाच्या माणसाच्या प्राण्यांच्या दुकानात. ह्या जगात खरे प्राणी जवळजवळ उरलेलेच नाहीत, त्यामुळे खऱ्या जनावराची किंमत अफाट. आणि कुणीतरी दुकानात घुसून प्राण्यांची कत्तल केलेली असते. तिथून मकॉयचा तपास सुरू होतो आणि एका हॉटेलच्या भटारखान्यात झुबेन नावाच्या स्वयंपाक्यापर्यंत पोचतो. झुबेन पळतो, मकॉय मागे धावतो आणि गल्लीत गेम पहिल्यांदा तुम्हाला पेचात टाकतो. गोळी घालायची की पळून जाऊ द्यायचं? 'बरोबर उत्तर' असं काही नाही. दोन्हीकडे गोष्ट पुढे जाते, पण वेगवेगळी. मुळात मकॉय स्वतः तरी माणूस आहे का, ही शंकासुद्धा पुढे येते!

तीन हत्यारं

तपासासाठी तीन साधनं मिळतात. तिन्ही नीट समजून घ्या, कारण खरा गेम ह्यांतच आहे.

पहिलं, 'किया'. ही मकॉयची डिजिटल वही. मिळालेला प्रत्येक पुरावा, प्रत्येक जबानी तिच्यात जमा होते. कुठल्या गुन्ह्याशी काय जोडलंय, कुठल्या संशयिताविरुद्ध काय आहे, हे वेगवेगळं लावून बघता येतं. पोलीस ठाण्यातल्या मोठ्या संगणकाला ती जोडली की क्रिस्टल स्टील ह्या दुसऱ्या ब्लेड रनरने शोधलेली माहितीही आपल्याला मिळते आणि आपली तिला. थोडक्यात, ग्रुप प्रोजेक्ट! फरक इतकाच की इथे ग्रुपमधले इतर जण खरंच काम करतात.

दुसरं, 'एस्पर'. ह्यात एखादा फोटो घालायचा आणि माउसने चौकोन काढून आत आत शिरायचं. फोटोच्या कोपऱ्यात, आडोशाला, मागच्या बाजूला काहीतरी दडलेलं असतं. घाई केली तर काही सापडत नाही.

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, 'व्हॉइट-काम्फ' चाचणी. समोरचा माणूस आहे की रेप्लिकंट, हे ठरवणारं यंत्र. प्रश्न तीन प्रकारचे: सौम्य, मध्यम आणि कडक. उत्तरांवरून पारडं कुणीकडे झुकतंय ते यंत्र दाखवत राहतं. कडक प्रश्नांनी निकाल लवकर लागेल असं वाटतं, पण समोरची व्यक्ती बिथरली की चाचणी अर्धवट बंद पडते. म्हणजे ओरलला एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न असा टाकायचा की पोरगं पुढे 'तुमचं नाव काय' ह्यालाही उत्तर देणार नाही, तसलाच प्रकार.

आणि आता खरी गंमत

कोण रेप्लिकंट आणि कोण माणूस, हे दर वेळी सारखं नसतं! तुम्ही नवा डाव सुरू करता तेव्हा काही पात्रांच्या बाबतीत संगणक जणू नाणं उडवतो. दुकानात काम करणारी चौदा वर्षांची लूसी, क्लबमध्ये नाचणारी डेक्टोरा, बारमध्ये विनोद सांगणारा गॉर्डो, हे एका डावात माणूस असतील तर दुसऱ्या डावात रेप्लिकंट. त्यात भर म्हणजे ही पात्रं नुसती उभी राहून तुमची वाट बघत नाहीत. तुम्ही एका ठिकाणी असता तेव्हा ती दुसरीकडे आपापली कामं करत फिरत असतात.

हे मला माहीत नव्हतं. गेम मी सेलमध्ये विकत घेतला होता, पण सोबत एका सीनियरकडून 'सोल्यूशन' नावाची टेक्स्ट फाइलही घेतली होती. सबमिशनच्या दिवसांत कोण डोकं लावणार? फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं : डेक्टोरा रेप्लिकंट आहे. मी तिच्या ड्रेसिंग रूममध्ये गेलो, यंत्र लावलं, प्रश्न विचारले. यंत्र म्हणालं, माणूस!

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सेव्ह लोड केला. पुन्हा चाचणी. माणूस. तिसऱ्यांदा. माणूस. आता तीनदा तेच उत्तर आल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? पण मी ठरवलं की ह्या जुन्या गेममध्ये बग आहे! फाइल प्रमाण मानून मी डेक्टोराला गुन्हेगार धरलं आणि पुढे गेलो. त्यानंतर धागे काही केल्या जुळेनात.

माझ्या रूम पार्टनरनेही त्याच आठवड्यात गेम सुरू केला होता. रात्री मेसवरून येताना विषय निघाला.

"काय रे, डेक्टोराची टेस्ट घेतलीस का?"

"घेतली ना. रेप्लिकंट."

"माझ्याकडे माणूस येतेय. बग आहे वाटतं."

तो हसायला लागला. "बग कसला? तुझ्या डावात ती माणूसच आहे. तू तुझी टेस्ट सोडून त्याची फाइल कशाला बघतोस?"

मी गप्प झालो. कारण मला एकदम शून्य पॉइंट नऊ सात आठवलं.

०.९७

मागच्या सेमला आम्हाला व्हेंच्युरिमीटरचं प्रॅक्टिकल होतं. पाइपमधून पाणी सोडायचं, मॅनोमीटरवर पाऱ्याच्या पातळीतला फरक बघायचा, टाकीत पाणी भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि शेवटी 'कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज' काढायचा. पुस्तकात तो साधारण ०.९५ ते ०.९८ दिलेला असतो. माझा आला ०.८२.

मी काय केलं असेल? जे आपण सगळेच करतो. सीनियरचं जर्नल उघडलं, त्याचे आकडे थोडे इकडे तिकडे केले, उत्तर आणलं ०.९७. सही मिळाली. आमच्या अख्ख्या बॅचचं उत्तर त्याच आसपास होतं.

चार दिवसांनी लॅबमधले काका मॅनोमीटरच्या नळ्या साफ करत होते. मला बघून म्हणाले, "अरे, नळीत हवा अडकली होती रे. फरक जास्त दाखवत होतं. तुमच्या बॅचमध्ये कुणालाच कसं कळलं नाही? सगळ्यांची रीडिंग तर बरोबर!"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री लक्षात आलं की ०.८२ ही माझी चूक नव्हतीच. तो पुरावा होता! यंत्र ओरडून सांगत होतं की इथे काहीतरी गडबड आहे. मॅनोमीटरवर फरक जास्त दिसला की सूत्रातला प्रवाह वाढतो आणि गुणोत्तर खाली येतं. इतकं साधं गणित. ०.८२ कडे पाच मिनिटं बघितलं असतं तर हवा मीच शोधली असती. मी पुरावाच पुसून टाकला, आणि माझ्याबरोबर वीस जणांनी. उद्या एखाद्या प्लांटमध्ये, एखाद्या पुलावर असंच रीडिंग आलं आणि आपण सवयीने ते 'बरोबर' करून टाकलं तर? तिथे सेव्ह लोड करता येत नाही.

कोड हरवला, पण गेम वाचला

आपल्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी ह्या गेममध्ये आणखी एक गोष्ट आहे. १९९७ साली सगळ्यांकडे ग्राफिक्स कार्ड नसायचं. म्हणून वेस्टवुडने पार्श्वभूमी आधीच रेंडर करून व्हिडिओच्या रूपात ठेवली आणि पात्रं आडव्या चकत्या एकावर एक रचल्यासारखी प्रोसेसरकडूनच काढून घेतली. चार सीडी भरल्या! पुढे १९९८ साली कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतली, २००३ साली स्टुडिओ बंद झाला. लास वेगासहून लॉस एंजलिसला सामान हलवताना गेमचा मूळ सोर्स कोडच हरवला, असं कॅसल ह्यांनी सांगितलं आहे.

मग आज तो चालतो कसा? जुने गेम नव्या मशीनवर चालवणारा 'स्कम-व्हीएम' नावाचा मुक्त प्रकल्प आहे. त्यातल्या स्वयंसेवकांनी अनेक वर्षं खपून, हातात फक्त तयार एक्झिक्युटेबल आणि डेटा फाइल्स असताना, गेमचं इंजिन पुन्हा लिहून काढलं. ऑक्टोबर २०१९ च्या २.१.० आवृत्तीत हा गेम आला. गोष्टीतला काळ नोव्हेंबर २०१९, म्हणजे मुहूर्त अगदी महिन्याच्या अंतराने गाठला! त्याच वर्षी डिसेंबरात गेम 'गॉग'वर विक्रीला आला. उत्तराची फाइल नसताना, समोर जे दिसतंय त्यावरून आत काय असेल ते ताडायचं. ह्याहून मोठी डिटेक्टिव्हगिरी कुठली?

खेळणाऱ्यांसाठी चार सूचना

१) पहिला डाव कुठलंही सोल्यूशन न बघता खेळा. बघितलंत तर ते दुसऱ्याच्या डावाचं असेल.

२) नवीन जागी गेलात की आधी सगळीकडे कर्सर फिरवा, मग बोला. पुरावा जमवल्याशिवाय विचारलेले प्रश्न वाया जातात.

३) चाचणीत सौम्य प्रश्नांनी सुरुवात करा, यंत्र कुठे झुकतंय ते बघत बघत कडक प्रश्नांकडे या.

४) पिस्तूल शक्यतो खिशात ठेवा. शंका असताना झाडलेली गोळी परत येत नाही.

आता शेवटचं. ह्या सेमला एका प्रॅक्टिकलला माझं उत्तर पुन्हा पुस्तकापेक्षा वेगळं आलं. ह्या वेळी जर्नलमध्ये तेच लिहिलं, बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं आणि सरांकडे गेलो. सर म्हणाले, "पुन्हा काढ." मेसचं जेवण बुडालं, दीड तास गेला आणि निघालं काय? मी सेंटिमीटरच्या जागी मिलिमीटर धरले होते! म्हणजे यंत्र निर्दोष, गुन्हेगार मीच.

पण गुन्हेगार सापडला ना? तोही माझ्याच डावात, माझ्याच रीडिंगवरून. पूर्वी तो ०.९७ च्या मागे लपून आरामात सुटला असता.